एका नटाच्या जागी दुसरा : साहसनायकाची भूमिका आणि पर्यायाची कल्पना

१

लोकप्रिय चित्रपटाविषयीच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : अमुक भूमिका अमक्याऐवजी तमक्याने केली असती तर? गंभीर समीक्षेने या प्रश्नाची फारशी दखल घेतलेली नाही. जे घडलेच नाही त्याविषयी प्रमाण कसे देणार, असा आक्षेप त्यामागे आहे आणि तो निराधार नाही. मात्र हा प्रश्न केवळ रिकामपणाचा उद्योग नसून अर्थनिर्णयाची एक रीत त्यात दडलेली आहे, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे. ही रीत नीट वापरली तर चित्रपटाच्या अर्थाविषयी तर काही कळतेच, शिवाय नायकपदासाठी कोणाचे शरीर कल्पनेत येऊ शकते आणि कोणाचे येऊच शकत नाही, याचाही उलगडा होऊ लागतो.

या रीतीचे मूळ भाषाविज्ञानात आहे. 'काळ' या शब्दातील पहिल्या ध्वनीच्या जागी दुसरा ठेवून 'गाळ' केले की अर्थ पालटतो. म्हणून क आणि ग यांच्यातील भेद मराठीत अर्थभेदक ठरतो. याउलट एखाद्याने तोच 'क' किंचित घोगऱ्या आवाजात उच्चारला, तर आवाज बदलतो, शब्द बदलत नाही. येल्मस्लेव यांच्या संप्रदायाने या प्रतिस्थापनाच्या कसोटीला सिद्धान्ताचे रूप दिले. पुढे १९७८ साली 'स्क्रीन' या ब्रिटिश नियतकालिकात जॉन ओ. थॉम्पसन यांनी ती चित्रपटातील अभिनयाला लावून पाहिली. एका नटाच्या जागी मनातल्या मनात दुसरा ठेवून पाहावा. जे बदलते ते अर्थवाहक होते आणि जे बदलत नाही ते आनुषंगिक होते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. 'शोले' (१९७५) मधील गब्बरसिंगच्या भूमिकेसाठी प्रथम डॅनी डेन्झोंग्पा यांचा विचार झाला होता. फिरोझ खान यांच्या 'धर्मात्मा'च्या अफगाणिस्तानातील चित्रीकरणामुळे ते जमले नाही आणि भूमिका अमजद खान यांच्याकडे आली. आता कसोटी लावली असता जो फरक हाती लागतो तो केवळ आवाजाचा वा चेहरेपट्टीचा नाही. डॅनी यांना प्रेक्षक पडद्यावर ओळखत होता. अमजद खान यांना जवळजवळ ओळखत नव्हता. धर्मेंद्र, अमिताभ बच्चन, संजीवकुमार, हेमा मालिनी अशा ओळखीच्या चेहऱ्यांच्या जगात एक अनोळखी चेहरा खडकावर येऊन उभा राहिला. गब्बरला पूर्वेतिहास नाही, तो कोठून आला हे चित्रपट सांगत नाही. आणि नटालाही प्रेक्षकाच्या स्मृतीत पूर्वेतिहास नव्हता. या दोन अभावांची जुळणी भीतीच्या निर्मितीत कारणीभूत झाली, हे आपल्याला पर्यायाची कल्पना केल्यावाचून सांगता आले नसते.

याच्या उलट टोकाला जेम्स बाँड आहे. १९६२ ते २०२१ या काळात त्या मालिकेच्या पंचवीस चित्रपटांत सहा नटांनी ही भूमिका केली. बाँडच्या कादंबऱ्या ठरलेल्या चालींच्या खेळासारख्या रचलेल्या आहेत, हे उंबेर्तो एको यांनी १९६५ सालीच दाखवून दिले होते. चाली ठरलेल्या असल्या की खेळाडू बदलला तरी खेळ चालू राहतो. तेव्हा भूमिका दोन प्रकारच्या मानता येतील : एकाच प्रयोगात मिटून गेलेल्या आणि नटामागून नटाला सामावून घेणाऱ्या. गब्बर पहिल्या प्रकारात मोडतो, बाँड दुसऱ्या. परंतु मराठी प्रेक्षकाच्या मनावर सर्वाधिक अधिकार गाजवणारा पराक्रमी नायक या दोन्ही प्रकारांत बसत नाही. त्याच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पाहणे आवश्यक आहे.

२

कोणती भूमिका कोणी करावी, हा प्रश्न नाट्यशास्त्राला अपरिचित नाही. तेथे भूमिकाधारणेच्या तीन प्रकृती सांगितल्या आहेत. नटाचे लिंग आणि वय पात्राशी जुळत असेल ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची वा वृद्धाने बालकाची भूमिका घ्यावी ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची भूमिका करावी ती रूपानुरूपा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विरूपा आणि रूपानुरूपा यांना दोष मानलेले नाही. त्या भूमिकाधारणेच्या मान्य रीती आहेत. म्हणजे योग्यता ही साम्यावर नव्हे, तर संकेतावर आणि नटाच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, असे गृहीत धरलेले दिसते.

शंकुकाचा चित्रतुरगन्याय याच दिशेने जातो. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडाच आहे', 'हा घोडा नव्हे', 'हा घोडा असेल वा नसेल', 'हा घोड्यासारखा आहे' या चारही प्रतीतींहून वेगळी अशी प्रतीती आपल्याला येते; नटामध्ये राम पाहणाऱ्याची प्रतीती तशीच असते. चित्रातल्या घोड्यापुढे उभे राहून हा कोणत्या तबेल्यातला, असे कोणी विचारत नाही.

मराठी रंगभूमीने हा संकेत दीर्घकाळ पाळला. 'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणी एक पुरुष आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते आणि त्या ज्ञानाने रसास्वादात विघ्न येत नव्हते. परंतु तेच बालगंधर्व १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त कॅमेऱ्यापुढे मीरेच्या रूपात आले, तेव्हा रंगभूमीवरचे यश त्यांना लाभले नाही. याचे एक कारण वय हे आहेच. पण त्याहून मूलभूत कारण माध्यमात आहे. चित्रपटाचा घोडा रंगवलेला नसतो. तो छायाचित्रित असतो. प्रकाशाने ज्याचा ठसा उमटवला तो एक विशिष्ट देह फितीवर शिल्लक राहतो. त्यामुळे शंकुकाने गौण ठरवलेला प्रश्न, हा कोणत्या तबेल्यातला, तो चित्रपटात पुन्हा दारातून आत येतो. नटाचा देह, त्याची जात, भाषा, पूर्वीच्या भूमिका, त्याचे खासगी आयुष्य, हे सारे प्रतिमेसोबत येऊन बसते.

३

छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेचा पडदेतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाबूराव पेंटर यांच्या 'सिंहगड' (१९२३) या मूकपटात स्वतः पेंटर यांनी ती भूमिका केली. प्रभातच्या 'उदयकाल' (१९३०) मध्ये व्ही. शांताराम शिवाजी झाले. 'स्वराज्य' हा शब्द असलेले त्या चित्रपटाचे आधीचे नाव परीक्षण मंडळामुळे बदलावे लागले होते. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी' (१९५२) मध्ये चंद्रकांत मांडरे आले. पुढे २००८ पासूनच्या 'राजा शिवछत्रपती' या दूरचित्रवाणी मालिकेत अमोल कोल्हे, 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९) मध्ये महेश मांजरेकर, 'फर्जंद' (२०१८) पासून अनेक चित्रपटांत चिन्मय मांडलेकर, 'तान्हाजी' (२०२०) मध्ये शरद केळकर अशी ही परंपरा चालत आली आहे. ही यादी पूर्ण नव्हे. पण मुद्द्यासाठी पुरेशी आहे.

ही भूमिका गब्बरसारखी मिटलेली नाही, कारण नट बदलत राहिले. ती बाँडसारखी खुलीही नाही, कारण नट बदलला की चित्रपटाच्या बाहेरून जाब विचारला जातो. भूमिकेचा मालक निर्माता नाही, समाज आहे. नट तिच्यात कुळासारखा राहतो : जमीन कसतो, पण सातबारा त्याच्या नावावर होत नाही. आणि कुळाने कसे वागावे याविषयी मालकाची मते ठाम असतात.

२ नोव्हेंबर २०२२ रोजी महेश मांजरेकर यांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटाची घोषणा झाली आणि शिवरायांच्या भूमिकेत अक्षयकुमार दिसणार असे जाहीर झाले. टीका तत्काळ सुरू झाली. तिच्यातील एक आक्षेप वयाचा होता. नेसरीची लढाई १६७४ च्या फेब्रुवारीतली. त्या वेळी महाराज चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि घोषणेच्या वेळी नट पंचावन्न वर्षांचा. परंतु वयाचा आक्षेप हा खरा आक्षेप नव्हता. विरूपा प्रकृती आपण एरवी सहज मान्य करतो. खरी अडचण अशी होती की, अक्षयकुमार यांचा देह आधीच बोलका झालेला होता. विनोदी चित्रपट, देशभक्तीपर चित्रपट, जाहिराती या सर्वांनी त्या देहावर इतके लिहून ठेवले होते की त्यावर नवी अक्षरे उमटण्यास जागा उरली नव्हती. असे असूनही तो नट का निवडला जातो, याचे उत्तर एका जुन्या म्हणीत आहे : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. मोठे भांडवल वसूल करण्यासाठी महाराष्ट्राबाहेरचा प्रेक्षक हवा आणि तो चंद्रकांत मांडरे यांच्या जातकुळीच्या नटामुळे येत नाही.

याच प्रकरणात कसोटी आणखी एक गोष्ट उघड करते. आक्षेपकांच्या मनात जी 'खरी' शिवप्रतिमा होती ती कोठून आली? समकालीन चित्रांतून ती आली असती, तर ती तशी काटेकोर राहिली नसती. जिरेटोप, दाढीची ठेवण, कपाळावरचे गंध, संथ आणि खर्जातले बोलणे ही चिन्हे बव्हंशी आधीच्या चित्रपटांनी, नाटकांनी आणि दिनदर्शिकांनी स्थिर केलेली आहेत. प्रत्येक नवा नट इतिहासाशी नव्हे, तर पूर्वसूरी नटाशी ताडून पाहिला जातो. इतिहासाचे नाव घेऊन आपण परंपरेचा निवाडा देत असतो.

आणि मग उलट दिशेचे प्रतिस्थापन सुरू होते. अमोल कोल्हे २०१९ साली शिरूरमधून लोकसभेवर निवडून गेले. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी पूर्वीच केलेली नथुराम गोडसेची भूमिका प्रकाशात आली आणि गदारोळ झाला. राजकीय पक्षाचा प्रश्न त्यात होताच. परंतु ज्या मुखाने शिवराय बोलले त्याच मुखाने गोडसे बोलला, ही अस्वस्थताही होती. चिन्मय मांडलेकर यांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये ही भूमिका यापुढे करणार नाही असे जाहीर केले, तेव्हा निमित्त होते समाजमाध्यमांवर त्यांच्या मुलाच्या नावावरून झालेल्या त्रासाचे. भूमिकेने नटाच्या घरात प्रवेश केला होता. नटाकडे भूमिकेइतके पावित्र्य मागितले जात होते आणि त्या मागणीला मुदत नव्हती.

४

मुदतीचा हा मुद्दा नंदुरबार जिल्ह्यातील एका परंपरेशी ताडून पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी सातपुड्यात प्रसिद्ध आहे. तेथे बुध्या होणारे पुरुष अंगावर राखेची व तांदळाच्या पिठाची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधतात आणि ढोलाच्या तालावर नाचतात. त्याआधी त्यांना व्रत पाळावे लागते : खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, स्त्रीस्पर्श टाळायचा. व्रत संपले की तो पुन्हा शेतावर जाणारा, मजुरीला जाणारा गृहस्थ होतो.

हा विधी आहे. त्याला नाटक म्हणण्याची घाई करू नये. नागर समीक्षेने आदिवासींच्या प्रत्येक आचाराला 'आदिम रंगभूमी' म्हणून आपल्या कोष्टकात बसवण्याचा उद्योग पुरेसा केला आहे. तरी भूमिका आणि देह यांच्या नात्याचा जो विचार तेथे आचरणात आहे, तो विचार म्हणून घेण्यास हरकत नाही. पावित्र्य तेथेही मागितले जाते, आणि ते चित्रपटाच्या प्रेक्षकाहून अधिक कठोरपणे मागितले जाते. पण त्याला आरंभ आणि शेवट आहे. ते देहाकडे मागितले जाते, चरित्राकडे नाही. चेहरा नक्षीखाली जातो. पाहणारा बुध्याला पाहतो. देह बदलतात आणि होळी तीच राहते. 'याच्याऐवजी दुसरा असता तर?' हा प्रश्न तेथे निरर्थक आहे, कारण दुसरा असणे हीच तेथील रीत आहे.

आपल्या चित्रपटसंस्कृतीने पावित्र्याची मागणी परंपरेकडून घेतली आणि मुदत मात्र सोडून दिली. शंकुकाचा चित्रतुरग आणि काठीचा बुध्या या दोन्ही ठिकाणी नटाला भूमिकेतून बाहेर पडण्याची वाट आहे. पडद्यावरच्या शिवाजीला ती राहिलेली नाही.

५

येथवर आपण नट बदलून पाहिले. पण ज्यांतून ते निवडले त्या यादीचा विचार केला नाही. प्रतिस्थापनाच्या कसोटीची मर्यादा येथेच आहे. भाषेत कोणता ध्वनी कोणत्या ध्वनीच्या जागी ठेवता येतो, हे त्या भाषेची ध्वनिव्यवस्था ठरवते. अभिनयात ती यादी कोण ठरवते?

'जैत रे जैत' (१९७७) हा मराठीतील एक महत्त्वाचा चित्रपट. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी तो केला. त्याचा नायक नाग्या हा ठाकर आहे; लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरणारा, कडा चढणारा, असा तो खऱ्या अर्थाने साहसनायक आहे. ती भूमिका मोहन आगाशे यांनी केली, चिंधीची स्मिता पाटील यांनी. अलीकडचे उदाहरण 'आरआरआर' (२०२२) चे : गोंडांचे पुढारी कोमरम भीम यांच्या भूमिकेत तेलुगू चित्रपटाच्या एका मोठ्या घराण्यातील नट, ज्युनिअर एन. टी. रामाराव, दिसले. या नटांच्या अभिनयगुणांविषयी येथे शंका घ्यायची नाही. त्यांनी विरूपा प्रकृती पत्करली, आणि तो नटाचा अधिकार आहे.

आता कसोटी उलट लावून पाहू. नाग्याच्या जागी एखादा ठाकर तरुण कल्पिता येतो. निदान वास्तववादाच्या नावाखाली तसे सुचवता येते. पण शिवरायांच्या जागी एखादा भिल्ल वा पावरा तरुण? गुप्तहेराच्या, पोलीस अधिकाऱ्याच्या, सूड घेणाऱ्या शहरी नायकाच्या जागी? या पर्यायाला विरोध होतो असे म्हणणेही चुकीचे ठरेल. तो विरोध व्हावा इतका कोणाच्या मनात येतच नाही. आगाशे यांचा नाग्या हा अभिनय मानला जातो. ठाकर तरुणाचा नाग्या हा केवळ 'अस्सलपणा' मानला गेला असता. विरूपा प्रकृती नाट्यशास्त्राने सर्व नटांसाठी सांगितली. व्यवहारात ती काहींचीच मिरासदारी झाली आणि इतरांच्या वाट्याला अनुरूपा तेवढी उरली.

शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. तिच्यात तक्रार नाटकाविषयी नाही. आदिवासींच्या दुःखाविषयी दुसऱ्यांनी मंचावरून बोलावे आणि ज्यांचे दुःख ते खालीच राहावेत, या रचनेविषयी आहे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीचा अनुभव तिच्या पाठीशी आहे. ती प्रतिनिधित्वाची कविता म्हणून बहुधा वाचली जाते. ती भूमिकावाटपाची कविता म्हणूनही वाचली पाहिजे. मंच कोणाचा, हा प्रश्न आणि भूमिका कोणाची, हा प्रश्न वेगळे नाहीत.

मात्र येथे एका सोप्या उत्तरापासून सावध राहावे लागेल. आदिवासीची भूमिका आदिवासीनेच करावी, हे ते उत्तर. सातपुड्यात १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईक यांच्यावर उद्या चित्रपट निघाला आणि त्यासाठी भिल्ल नट शोधला गेला, तर त्यात न्याय आहे हे खरे. पण त्या नटाला त्यानंतर दुसरी भूमिकाच मिळणार नसेल, तर तो न्याय अर्धा आहे. ज्याला केवळ स्वतःचीच भूमिका करण्याची मुभा आहे, त्याला नट मानलेलेच नाही. त्याला नमुना मानले आहे. अनुरूपा हा हक्क असावा. तो पिंजरा होऊ नये. मागणी असेल ती दोन्ही बाजूंनी प्रतिस्थापनाची असली पाहिजे.

६

अशा उलट प्रतिस्थापनाची उदाहरणे अगदीच नाहीत असे नाही. ती मुख्य प्रवाहाच्या कडेला आहेत. नंदुरबारहून फार दूर नसलेल्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मालेगाव के शोले'सारखी विडंबने केली आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' केला. फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या अनुबोधपटात त्याची निर्मितिकथा टिपली. सुपरमॅन झाले होते शफीक शेख, हाडकुळ्या अंगाचे यंत्रमाग कामगार. प्रतिस्थापनाची कसोटी येथे कल्पनेत नव्हे, प्रत्यक्षात पार पडली. अमेरिकी सुपरमॅनच्या देहातील पुष्टता, गोरेपणा आणि निर्धास्तपणा हे किती अर्थवाहक होते, हे त्या कृश देहावर तोच पोशाख पाहिल्याबरोबर कळते. हसू येते, पण ते हसू नेमके कोणाला आहे, हे ठरवणे कठीण जाते. कामगाराच्या धाडसाला आपण हसतो, तसे ज्याच्या पोशाखात सामान्य माणूस मावत नाही त्या नायकत्वालाही हसतो.

या कथेला पुढे एक वळण मिळाले. २०२४ साली टोरांटो महोत्सवात दाखवला गेलेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा रीमा कागती यांचा चित्रपट याच मंडळींवर आहे. त्यात शफीक यांची भूमिका शशांक अरोरा यांनी केली. नायकाच्या जागी कामगार आला होता. आता कामगाराच्या जागी व्यावसायिक नट आला. चित्रपट सहृदय आहे, आणि त्याने मालेगावला मोठा प्रेक्षक मिळवून दिला हेही मान्य केले पाहिजे. तरीही मंचाची रचना पूर्ववत झाली, ही नोंद राहतेच.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे. २०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. आणि त्यातील नटसंच मुख्यतः जालना जिल्ह्याच्या खेड्यांतून आलेला. शिवरायांचा विचार कोणात उरला आहे, हे शोधण्यासाठी त्यांचे शिरोभूषण कोणाच्या डोक्याला नेमके बसते ते पाहत यम हिंडतो, ही त्या नाटकातील कल्पना. म्हणजे प्रतिस्थापनाची कसोटीच येथे कथानक झाली आहे. डोक्याचे माप रूपाने, जातीने वा नावाने ठरत नाही, असे हे नाटक बजावते. आणि शेतकरी घरांतले नट ते बजावतात, म्हणून त्या बजावण्याला वजन येते. चित्रपटातल्या शिवरायांकडून जे पावित्र्य मागितले जाते त्याऐवजी येथे विचाराची मागणी आहे. ती मागणी कोणाकडेही करता येते.

तेव्हा नायकाच्या जागी दुसरा नट कल्पिण्याच्या खेळाकडे समीक्षेने पाठ फिरवू नये. मात्र हा खेळ खेळताना दोन नावांतले चांगले कोणते, एवढ्यावर थांबू नये. पहिल्या नावाच्या जागी दुसरे नाव चटकन सुचते तेव्हा ते कोणत्या यादीतून सुचले, आणि त्या यादीत काठीच्या होळीत नाचणाऱ्या तरुणाचे नाव का नाही, हे विचारले पाहिजे. तो तरुण दरवर्षी एका रात्रीपुरता स्वतःहून मोठा होतो आणि दुसऱ्या दिवशी परततो; म्हणजे भूमिकाधारणेची कला त्याला अवगत आहे. अभाव आहे तो आपल्या कल्पनेचा.